ढेमश्या आखाड्यात

आत्याला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं. आत्या शिंदखेड्याला राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, धुळ्याला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काम करतो, आणि मी जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माहितीपत्रकांची चित्रं काढते. आत्याला चालण्याचा भयंकर कंटाळा. कामाशिवाय चालणारा माणूस तिला खुळा वाटायचा. "लोक विचारतात, कुठे चालल्या अक्का? आता काय सांगू, कुठेच नाही म्हणून?" असं ती फोनवर म्हणाली, आणि पुढच्या भेटीत मी तिच्या मोबाईलवर एक गेम टाकून दिला.

गेम साधा होता. आपण चालायला लागलो की मोबाईलच्या नकाशावर आपल्या आजूबाजूला चित्रविचित्र प्राणी दिसायला लागतात. बोटाने जाळं फेकायचं, प्राणी पकडायचा, त्याला खाऊ घालायचं, मोठा करायचा. जितकं चालाल तितके प्राणी. मला वाटलं, आठवडाभर खेळेल आणि सोडून देईल.

आत्याने शिंदखेड्यात एकही बोळ सोडला नाही. रेल्वे स्टेशनच्या बाजूला जास्त प्राणी निघतात हे तिने स्वतः शोधून काढलं आणि स्टेशनमास्तर तिला रोज नमस्कार करायला लागले. साखर खाली आली. डॉक्टर खूश झाले, विचारलं, काय केलंत? आत्या म्हणाली, जनावरं पाळली. डॉक्टरांनी विचारलं, गाई की म्हशी? आत्याने मोबाईल काढून दाखवला. पुढच्या पेशंटला बराच वेळ बाहेर बसावं लागलं म्हणतात.

तिचा सगळ्यात लाडका प्राणी मातकट रंगाचा, गोल, आखूड पायांचा होता. दिवसभर जमिनीत राहायचा. वर फक्त दोन कान दिसायचे, आणि ते कान नुकत्याच उगवलेल्या रोपासारखे हिरवे. बाहेर आला की आधी जांभई द्यायचा. गेममध्ये त्याला काडीची किंमत नव्हती. पावलापावलावर सापडायचा, लोक पकडून सोडून द्यायचे. आत्याने त्याचं नाव ढेमश्या ठेवलं आणि खाऊ घालून घालून त्याला असा काही वाढवला की गेममधले मोठमोठे ड्रॅगन त्याच्यासमोर गार पडायचे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही तिघं धुळ्याला भाऊच्या घरी जमलो होतो. भाऊ टीव्हीला गेमचं यंत्र जोडून, हातात त्याचा रिमोट घेऊन त्याचा मारामारीचा गेम खेळत होता. तो हा गेम फार मनापासून खेळतो. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. या गेममध्ये अधूनमधून दुसऱ्या गेममधले पाहुणे लढवय्ये येतात. कोण कुठल्या गेममधला तलवारवाला, कोण कुठला निन्जा. भाऊ आम्हाला एकेक पाहुणा दाखवत होता. आत्या भरताची वांगी भाजून आली होती, पदराला हात पुसत ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"आठे बठ्ठा शेतस, मना ढेमश्याच नही शे."

सगळे आहेत, माझा ढेमश्याच नाही. भाऊ हसला. "माय, तो प्राणी आहे. जमिनीत झोपतो. इथे लढावं लागतं."

"तो काय लढत नाही? काल त्याने पंखवाला पाडला."

"तो वेगळा गेम. तिथे तू बोट दाबतेस आणि तो आपोआप लढतो. इथे प्रत्येक ठोसा वेगळा. लाथ वेगळी, फेकणं वेगळं, अडवणं वेगळं. ढेमश्याला हातच कुठे आहेत?"

आत्याने हात पुसून पदर सोडला. "मग हात नसलेल्याने कसं लढायचं ते ठरवू. तुझ्या कंपनीला कळवायचं कसं ते सांग."

कळवण्याची सोय होती. गेम बनवणारे लोक कुठल्या तरी दूर देशात बसतात, पण पुढचा पाहुणा कोण हवा हे ते खेळणाऱ्यांना विचारत असतात. आणि जळगावात भाऊच्या ओळखीचा खेळणाऱ्यांचा एक गट होता. त्यांनी ठरवलं होतं की प्रत्येकाने आपापला पाहुणा मांडायचा, मतं घ्यायची, आणि जो जिंकेल त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून कंपनीला लिहायचं. भाऊने हे सांगायला नको होतं. सांगितलं, आणि तिथून आमचे तीन रविवार गेले.

भाऊ म्हणाला, पाहुणा नुसता गोड असून चालत नाही, त्याचे डाव लागतात. हलका मार, जोराचा मार, पकडून फेकणं, आणि एक मोठा डाव जो सामन्यात एकदाच काढता येतो. शिवाय प्रत्येक जोराच्या माराआधी समोरच्याला कळेल अशी काहीतरी हालचाल हवी, नाहीतर तो अन्याय होतो. मी वही पेन्सिल घेऊन बसले. मला पवित्रे काढायचे होते, पण ढेमश्या लाथ मारताना दिसतो कसा हे कुणालाच सांगता येईना.

"ऊठ," आत्या भाऊला म्हणाली. "मी दखाडस." म्हणजे, मी दाखवते.

मग तिने गोधडी अंगाभोवती गुंडाळली, ती कमरेशी सुंभाने बांधली आणि अंगणात उकिडवी बसली. भाऊ समोर उभा राहिला. त्याने खोटा ठोसा उगारताच आत्या गोधडीसकट बाजूला गडगडली आणि थेट त्याच्या पायांत गेली. भाऊ तुळशीजवळ बसला तो उठेचना, हसून हसून. हा हलका मार. जोराच्या माराला तिने दादर ज्वारीची पेंढी झोडपतात तसं भाऊला दोन्ही दंडांना धरून डावीकडे-उजवीकडे झुलवलं; ढेमश्या हे दातांत धरून करेल, असं ठरलं. त्याआधीची सूचना म्हणजे जांभई. ढेमश्याने जांभई दिली की समजायचं, आता येतंय. भाऊ म्हणाला, हे बरोबर आहे, गेममध्ये असंच असतं, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. तिथून तो आमच्याइतकाच वेडा झाला.

शेजारचे नाना भाजी घेऊन येत होते. फाटकाशी थांबले. विहीण व्हायच्या वयाची बाई गोधडीत गुंडाळून मुलाच्या पायांत लोळतेय आणि भाची चित्र काढतेय, हे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून विचारलं, "कोण जिंकतंय?"

"अजून ठरलं नाही नाना," मी म्हटलं.

नाना पायरीवर बसले. त्यांना सगळं समजावलं, तर ते म्हणाले, हे लढणार कुठे? भाऊ म्हणाला, हो, प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याचं मैदानही येतं. नानांची सासुरवाडी सावद्याची. ते म्हणाले, मग केळीची बाग घ्या, जमीन मऊ असते, खोदायला बरी. मागे घड लोंबतायत, ट्रक भरतोय, आणि कुणी जोरात आपटला की एक घड खाली पडतो. मी ते लगेच काढलं. नानांनी ट्रकच्या मागे काय लिहायचं तेही सांगितलं, पण ते भाऊने घेऊ दिलं नाही.

मोठ्या डावावर मात्र भांडण झालं. भाऊला भूकंप हवा होता. आत्या म्हणाली, एकट्याने कोणी भूकंप करतं का? ढेमश्या जमिनीवर कान टेकवेल आणि सगळ्या भाऊबंदांना बोलावेल. जमिनीतून कानच कान वर येतील, आणि सगळे मिळून समोरच्याला उचलून गावाबाहेर ठेवून येतील. मारायचं नाही, ठेवून यायचं. भाऊ म्हणाला, माय, मारावं लागतं. आत्या म्हणाली, बरं, जरा आपटून ठेवतील. तेच ठरलं.

गटाची सभा जळगावात एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत होती. आत्या शिंदखेड्याहून सकाळच्या पॅसेंजरने आली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. अमळनेर ते धरणगाव या पट्ट्यात फार चांगले प्राणी आहेत असं तिने मला उतरल्या उतरल्या सांगितलं.

खोलीत वीस-पंचवीस पोरं होती, थोड्या मुली होत्या. सगळ्यांचे पाहुणे उंच, चिलखतवाले, डोळ्यांतून आग काढणारे. आमचा क्रमांक आला. भाऊ उभा राहिला, माझी चित्रं पडद्यावर आली, आणि त्याचा आवाजच फुटेना. दवाखान्यात दिवसभर लोकांना उठा-बसा सांगणारा माणूस गप्प. मी उठणार तेवढ्यात आत्या पुढे गेली. तिने भाकरीची पिशवी माझ्याकडे दिली आणि सगळ्यांना सांगितलं की हा ढेमश्या, हा जमिनीत राहतो, आणि त्याला कोणी विचारत नाही म्हणून मी आले.

आधी दबकं हसू आलं. मग डावांची चित्रं बघता बघता पोरं पुढे सरकून बसली. मागून एका मुलीने हात वर केला. डोक्याला स्कार्फ, हातात स्वतःचा रिमोट. अभियांत्रिकीला शिकत होती, वडील सराफ बाजारात कारागीर. भाऊ माझ्या कानात कुजबुजला, ही इथली सगळ्यात भारी खेळणारी.

"तुमचा ढेमश्या हळू आहे," ती म्हणाली. "समोरच्याने लांबूनच बाण मारत ठेवले तर? तो जवळ पोचायच्या आधीच संपेल."

"तो खाली जाईल ना," आत्या म्हणाली.

"खाली जाऊन वर आला की परत मारणार."

"कुठे वर येईल ते तुला कसं कळणार?"

"कान दिसतात की वर."

आत्या थबकली. आम्ही तिघांनी इतक्या रविवारांत हा विचारच केला नव्हता. भाऊने कपाळाला हात लावला. आत्याने पदर खोचला, दोन पावलं इकडे गेली, दोन तिकडे, आणि म्हणाली, "मग तो कान दुसरीकडेच वर काढेल. रोपं खोटी. आपण निघेल तिसरीकडून."

मुलीने शेजारच्या मुलाकडे बघितलं. मग तिच्या घरात आत्याला म्हणतात तशी हाक मारत म्हणाली, "खोटे कान. फुफी, हे फारच वाईट आहे. म्हणजे फारच भारी." आणि खोलीत असा काही गोंधळ उठला की खालचा दुकानदार वर बघायला आला. दोन मुलं जमिनीवर लोळून दाखवायला लागली. कुणीतरी जांभई दिली आणि सगळे खरंच मागे सरकले.

मतांत आम्ही दुसरे आलो. चिलखतवाला तलवारबाज जिंकला. पण गटाने दोन्ही प्रस्ताव पाठवायचं ठरवलं, आणि आत्याच्या भाकरी वीस-पंचवीस जणांत एकेक घास करून संपल्या. कंपनीकडून आभाराचं दोन ओळींचं उत्तर आलं. उन्हाळ्यात त्यांनी पुढचा पाहुणा जाहीर केला, तो आमचाही नव्हता आणि तलवारबाजही नव्हता. आत्या दोन दिवस भाऊशी बोलली नाही, जसं काही त्यानेच निवडला.

मग त्या मुलीचा फोन आला. सुट्टीत तिने त्याच मारामारीच्या गेमच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत घरच्या घरी बदल करून ढेमश्या बसवला होता. असं हौशी लोक करतात, पैशासाठी नाही, आपल्यापुरतं. डाव झाले होते, केळीची बाग झाली होती, फक्त आवाज नव्हता. "फुफी, आवाज तुम्हीच द्या," ती म्हणाली.

आत्याने आवाज धुळ्याला भाऊच्या घरी दिला. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद, ट्रॅक्टर नको म्हणून खिडक्या बंद, आणि आत्या मे महिन्यात रजईखाली माझा मोबाईल घेऊन बसलेली. आतून आधी जांभई आली, मग मार खाल्ल्याचं "आई गं", मग मोठ्या डावाची हाक, "या रे बठ्ठा!" ती हाक ऐकून शेजारचे नाना खरंच आले.

मुलगी एका शुक्रवारी वडिलांना सांगून लॅपटॉप घेऊन धुळ्याला आली. टीव्हीला जोडलं. भाऊने त्याचा नेहमीचा लढवय्या घेतला, आत्याने ढेमश्या. बागेत ट्रक भरत होता. मातीतून दोन हिरवे कान वर आले, त्यांच्यामागे तो गोल, मातकट प्राणी, आणि टीव्हीतून आत्याच्याच आवाजात जांभई निघाली.

आत्या रिमोट सोडून खाली बसली. हसताना तिला श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी. भाऊ म्हणाला, माय, मी मारू का थांबू? तिने हाताने खूण केली, मार. त्याने ठोसा मारला आणि ढेमश्या आत्याच्या आवाजात "आई गं" म्हणाला, तर ती आडवीच झाली. ती मुलगी, नाना, मी, सगळे भिंतीला धरून. भाऊने पुन्हा मारलं, पुन्हा "आई गं". पट्टी संपली. आत्या पहिला सामना एकही बटण न दाबता हरली, आणि उठून बसत, डोळे पुसत म्हणाली,

"आते परत लाव. आते मी खेळस."