काळा राजा आणि मृग बहार

आमच्या सक्करदरा मोहल्ल्यातल्या टोळक्यात किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कारण आमच्यात एक कादंबरीकार आहे. सुधाकरभाऊ मूळचे उमरेडच्या विणकराघरचे. जादूच्या राज्यावर त्यांची मालिका चालू आहे. तीन भाग आले, चौथा शेवटचा. छापायला देण्याआधी प्रत्येक भाग रविवारी त्यांच्या अंगणात आम्हाला वाचून दाखवायचा, हा नियम. तर्री-पोहे त्यांचे, खोड्या आमच्या.

पहिल्या भागात मंतरलेली बाग बारा महिने फळायची. नरखेडच्या गजाननची संत्र्याची बाग आहे, त्याला हे काही पचेना. "पाणी तोडून ताण देल्याबिगर झाड फुलते काय गा? काहीही लिहून राहिले भाऊ."

दुसऱ्या भागात राजपुत्राने मुकाट्याने बागेची नदी अडवली. पुस्तक आल्यावर भाऊंना एका वाचकाचा फोन, स्पीकरवर. "ती कोरडी बाग म्हणजे त्यागाचं प्रतीक ना?"

"अगदी बरोबर," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

शेजारून गजानन ओरडला, "त्याग काह्याचा? पावसाआधी ताण देऊन घेतात थो मृग बहार आहे!"

वंदनाताई कॉलेजात मराठी शिकवायच्या. मालिकेतला दुष्ट काळा राजा म्हणजे सत्तेची हाव, असं त्या आम्हाला समजावत होत्या. तेवढ्यात भाऊंच्या पत्नी, कुंदावहिनी, चहा घेऊन आल्या. "हावबिव काही नाही. राजा बशीतला चहा फुंकून पिते, उशाशी टॉर्च घेऊन झोपते. आपले मधुकरभाऊजीच आहेत ते."

मधुकर म्हणजे भाऊंचा उमरेडलाच राहणारा धाकटा भाऊ. त्याने वडिलांचा हातमाग न विचारता विकला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"राजा काल्पनिक आहे," भाऊ म्हणाले.

"अन् टॉर्च?" वहिनींनी विचारलं.

चौथ्या भागात राजा मरणार होता. वहिनींना तेच खुपत होतं. "पुस्तकात मारला का हे उमरेडले कधीच जाणार नाहीत," असं त्या मला म्हणाल्या. ऐकून मलाही वाईट वाटलं. आम्ही नुसते पोहे हाणत होतो.

शेवटच्या वाचनाला राजाच्या छातीत भाला शिरणार, एवढ्यात फाटक वाजलं. मधुकर. वहिनींनीच बोलावलं असणार. तो पायरीवर बसला.

"वाच ना दादा. काहून थांबला?"

भाऊंनी भाल्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तिन्ही भाग वाचले म्या," मधुकर म्हणाला. "राजा लय वाईट आहे, कबूल. पण एवढ्या पुस्तकात त्याले एकही माणूस इचारत नाही, का बाप्पा, तू असं काहून केलं?"

भाऊंनी हातातली पानं खाली ठेवली.

"काहून केलं गा?"