सात पायऱ्यांत दोन हंडे

माझं गाव कळसाडी. तिथे मोटर सुरू केली की पाणी येतं, आणि बंद करायला विसरलो की उसात तळं होतं. अशा गावच्या माणसाला सातपुड्यातल्या पाड्यावर स्वच्छता शिकवायला पाठवायचं, ही अक्कल कोणाची, ते मला अजून कळलेलं नाही. अर्ज मात्र मीच केला होता.

एप्रिलचं ऊन. पाड्यावर जुलाबाची साथ होती. सोबत आशाताई, त्याच डोंगरातली आशा कार्यकर्ती. माझं मराठी तिथल्या पावरी बोलीत सांगायचं काम तिच्याकडे. गाडी खाली सोडून दीड तास चढलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर झोळीत दोन वर्षांची पोर मलूल पडलेली. सकाळपासून जुलाब. शेजारी तिची आई. बाप गुजरातेत मजुरीला.

"सर, आधी हिला बघू," आशाताई म्हणाली.

"बघू की. कार्यक्रम उरकू दे. फोटोवर वेळ उमटते, ऑफिसला बाराच्या आतली पाहिजे."

ती समोरच्या टेकडीवरच्या बायांना बोलवायला गेली. तोवर सात-आठ पोरं जमलीच होती. मी त्या आईकडे खुणेनं पाणी मागितलं. तिने हंडा आणून ठेवला. तळवे, पालथे हात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, असं करत हात धुण्याच्या सातही पायऱ्या झाल्या. नुसतं बघून काय उपयोग, म्हणून प्रत्येक पोराकडून करून घेतल्या. हंडा संपला. मी आतल्या दुसऱ्या हंड्याकडे बोट दाखवलं. तिने एकदा झोळीकडे पाहिलं आणि तोही आणला. उन्हात फेस काय चमकत होता! फोटो फार सुंदर आले.

आशाताई एकटीच परत आली. "बाया सगळ्या खाली झिऱ्यावर गेल्यात पाण्याला, घरोघरचे हंडे घेऊन." मग तिला ओलं अंगण दिसलं. "सर, झाले हात स्वच्छ?"

"एकदम!"

"मग आता ओआरएस कशात कालवू? फेसात?"

पुडी माझ्याच पिशवीत होती. तिला लागणारं लिटरभर पाणी नव्हतं. माझी बाटली मी चढतानाच संपवली होती. आशाताईचीही मीच.

"आते काय करू, ताई?" ऑफिसचं मराठी कुठल्या कुठे पळालं.

"तुम्ही? बसा. पोरीला मांडीवर घ्या."

"मी जातो ना खाली."

"तुम्ही गेलात तर आम्हाला हंडाही आणावा लागेल आणि तुम्हालाही."

आशाताई आणि पोरीची आई हंडे घेऊन उतरल्या. पोरंही पांगली. पोरीला उचलून गाडीपर्यंत न्यावं, तर त्या उन्हात दीड तास, आणि तिच्या अंगात पाण्याचा थेंब नाही. मी बसून राहिलो. तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. माझ्या तक्त्यावर अंगातलं पाणी आटल्याची खूण म्हणून याचं चित्र आहे, मी ते छडीने दाखवतो. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं. पोर कण्हत होती, मग कण्हायची थांबली, आणि गधड्या मला हायसं वाटलं. थांबणं वाईट, हेही मीच शिकवतो. अंगण वाळून गेलं. मी तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होतो, तेवढंच.

त्या वर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. आईने हंडा उतरवला, पेला बुडवला आणि पहिला माझ्यापुढे धरला. पाहुणा ना मी. आशाताई माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणणं सुचलंच नाही. मी प्यायलो. घटाघटा, अख्खा पेला.

मग पुडी कालवली. आई चमचा चमचा पाजू लागली. पोरीने सगळं ओकून टाकलं. दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चमचा. पुढे मी पाजू लागलो, कारण आईच्या चमच्यातलं निम्मं सांडत होतं. माझ्या चमच्यातलं सांडत नव्हतं. अर्ध्या लिटरच्या वर पाणी तिच्या पोटात गेलं. सावली ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली.

मग मांडीवर कोमट ओल पसरली.

"मुतली!" आशाताई ओरडली. "पाणी अंगात टिकलं! सर, हलू नका!"

आई पदर तोंडावर धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी पुढचा चमचा भरला.