चिंचेच्या फळ्या

मी सुषमा, वरवंडची. तोंडानं फटकळ, म्हणून आधीच सांगते, त्या लाकडात भूतबित काय नव्हतं. खिळे व्हते. सगळे ज्याला मामा म्हणतात त्या बन्सीमामाच्या वाडीवर कुणाला बाधा झाली की देवरुशी ती उतरवायचा आन् वाडीबाहेरच्या चिंचेत खिळा ठोकून डांबायचा. बापजाद्यांपासनं ठोकलेले खिळे, सालीनं कवाच गिळले. ती चिंच रस्त्यात आली, पाडली, आन् मामानं तिच्या फळ्या आमच्या दौंडच्या सुतारकामाच्या कोर्सला आणून टाकल्या. शिकणाऱ्या पोरांना उपयोगी पडतील म्हणला.

वर्गात बाया आम्ही दोघीच. दुसरी गौतमी, तळेगाव ढमढेरेची, मावशीकडं राहून शिकायची. आली तवा रंधा उलटा धरायची. तिचं पहिलं स्टूल असं डुगडुगायचं की पोरं त्याला पाळणा म्हणायची. पण नजर, बाई गं! काटकोन बघायला गुण्या लावायच्या आधीच सांगायची, "सर, हा कोपरा फाकलाय." खरंच फाकलेला असायचा. तळेगावात दुकान टाकायचं आन् पाटीवर आपलंच नाव लिहायचं, एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात.

फळ्या उतरवताना मामा म्हणला, "जपून घ्या. भूत हाय त्यात."

पोरांची तोंडं पडली. एकजण बी हात लावंना. गौतमी हसली. "मला द्या मामा. आमच्या घरातनं भुतं आज्याच्या टायमालाच गेली."

मामाला राग आला. त्याला खिळे ठाऊक नव्हते असं न्हाई, देवरुशी त्याचाच चुलता. पण त्याच्या लेखी खिळा म्हंजीच भूत. मग वेगळं सांगायचं काय?

फळीवर निळे-काळे डाग व्हते. शिकवणारे भारत सर म्हणले, "चिंचेचा गाभा काळाच असतो." ते बी खोटं न्हाई. आत खिळा गंजला तरी असेच डाग पडतात, हे मला मागनं कळलं; तवा नुसतं माझं मन काय घेईना.

"ठेव ती, सागाची घे," मी म्हणलं.

"ताई, तुम्ही पण?"

तिनं करवतीची मशीन चालू केली. डोळ्यावरचा कामाचा चष्मा घासून पार आंधळा झालेला. आखलेली रेघ दिसंना म्हणून तिनं तो कपाळावर सरकवला. फळी पुढं सरकत गेली, पहिला डाग गेला, दुसरा गेला. मग करवत किंचाळली. करवतीचा एक दात तुटून उडाला. गौतमी मटकन खाली बसली, उजव्या डोळ्यावर हात, बोटांतनं रक्त. ती ओरडली न्हाई, मीच ओरडले.

फळीत अर्धा कापलेला खिळा चमकत व्हता.

पुण्याच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. बन्सीमामा भेटायला आला, लिंबू घेऊन. "म्हणलं व्हतं ना पोरी, जपून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं झापणार व्हते, पण गौतमीनं माझा हात दाबला.

"मामा, राहिलेल्या फळ्या कुठं हायत?"

"सरांनी बाहेर काढल्या. मग मी शिरूरकडच्या एका फर्निचरवाल्याला दिल्या. काल टेम्पो भरून गेला."

ती उठूनच बसली. "त्याला सांगितलं का?"

"व्हय तर! मी काय कुणाला फसवीन व्हय?" मामा दुखावला. "चांगलं दोनदा बजावलं, भूत हाय म्हणून."