मेलेल्या रेणूने कापलं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रयोगात मेलेल्या रेणूने कापलं. प्रबंध एप्रिलअखेर द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती.

तिचा विषय म्हणजे कात्रीचं काम करणारे आरएनएचे छोटे रेणू. कोथरूडच्या घरी तिने मला तो परकराच्या नाडीचे दोन तुकडे घेऊन समजावला होता. एक तुकडा कात्री, दुसरा कापला जाणारा. दुसऱ्याला ती गिऱ्हाईक म्हणे. कात्री मध्यावर स्वतःवरच दुमडते आणि दोन्ही टोकांनी गिऱ्हाइकाला धरते. असे तीन फाटे एका तिकटीवर भेटतात. तिथली आरएनएची मोजकी अक्षरं गिऱ्हाइकाला ठरल्या जागी तोडतात. मॅग्नेशियम नसेल तर घडी बसत नाही आणि काहीच तुटत नाही. तुटलं की जेलवर, म्हणजे रेणूंना लांबीप्रमाणे वेगळं करणाऱ्या थरावर, एका पट्ट्याचे दोन होतात.

तिने बांधलेली नवी कात्री आधीपासून माहीत असलेल्या जुन्या कात्रीच्या छापून आलेल्या वेगापेक्षा जलद कापते, हा तिचा दावा होता. मेलेला रेणू म्हणजे तीच कात्री, फक्त तिकटीवरचं एक अक्षर बदललेलं. त्याने कापता कामा नये. तो पडताळणीसाठीच असतो.

तिचे मार्गदर्शक म्हणाले, "मेलेलं कापतंय? मग तुमच्या जिवंताला इतकी वर्षं कशाला पोसलंत, बाई?"

तिने मेलेला रेणू नव्याने बनवला. त्यानेही कापलं. गुरुवारी तिने कात्री घातलीच नाही. नुसतं गिऱ्हाईक आणि मॅग्नेशियम. तरी दोन पट्टे आले.

गिऱ्हाइकाच्या नळीत कधीतरी जुन्या कात्रीचा थेंब गेला होता. मॅग्नेशियम मिळेपर्यंत तो तिथे गप्प राहिला. तिच्या कात्रीची दोन वर्षांची सगळी मोजमापं त्याच नळीतून झाली होती. जेलला नमुने भरायच्या खाचा दहाच. एक वाचवायची म्हणून मेलेल्या रेणूची किंवा नुसत्या गिऱ्हाइकाची पडताळणी ती दर वेळी गाळत आली होती.

"एकदाही केली नाहीस?" मी विचारलं.

"दादा, वर्तमानपत्रात असताना तू प्रत्येक बातमीला खात्रीचा दुसरा फोन करायचास?"



नवं गिऱ्हाईक बनवायला नऊ दिवस लागले. जुन्या कात्रीने ते कापलं. मेलेल्या रेणूने कापलं नाही. तिच्या कात्रीच्या खाचेत चार तासांनंतरही एकच पट्टा होता.