आईनं पुसलेली फरशी

"ॲनाटॉमी, पंचाहत्तरपैकी एकवीस." मॅडमनी आकडा दोनदा वाचला. मग चष्मा काढला. "सीट मिळते, डोकं मिळत नाही. ॲडमिशनच्या दिवशी तुझ्या आईनं फरशी किती छान पुसली होती. तेच शिकायचं होतंस."

वर्ग हसला. नर्सिंग कॉलेजच्या डेमो रूममध्ये आम्ही सगळ्या उभ्या, मध्ये पलंगावर प्लॅस्टिकचा पेशंट. मी त्याच्या पायाच्या बोटांकडं बघत राहिले. मायक्रोबायोलॉजीतही उडाले होते. ते वाचलं तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही.

फरशीचं सांगते. माझी आई आजऱ्याकडं एका दवाखान्यात आया आहे. किती वर्षं वॉर्ड पुसते, बेडपॅन धुते. ॲडमिशनला आम्ही दोघी कोल्हापूरला आलो, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात कुणाच्या तरी हातून चहा सांडला. आईनं कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं. हाताची सवय. मॅडमनी विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "बरोबर आल्यात." आई हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आईनंच खालून सांगितलं, "लेक हाय माझी, बाई."

ती लाज आजही जात नाही. मॅडमची नाही, माझी.

जात मॅडमना फॉर्मवरून कळली होती, बाकीचं फरशीवरून कळलं. पुढं वॉर्डात ड्यूटी लागली की बेडपॅन मला. इंजेक्शन, सलाईन बाकीच्या मुलींना. आमच्याकडं प्रोसीजर बुक असतं. जे काम केलं ते त्यात लिहायचं, खाली सही घ्यायची. मी सही मागितली तर मॅडम म्हणाल्या, "बेडपॅनची कसली सही?" वर्ष संपलं, माझी वही कोरीच. सगळा दोष मॅडमचा नाही. इंग्रजी पुस्तक मी नुसतं पाठ करत होते, हाडांची नावं यायची, अर्थ यायचा नाही. विचारायची लाज वाटायची. हसतील म्हणून गप्प बसले आणि शेवटी हसल्याच.

निकालादिवशी आईचा फोन आला. "काय झालं गं?"

"पास झाले."

एवढंच. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

चार दिवसांनी डेमो रूममध्ये पेशंटला अंघोळ घालायचं शिकवणं चालू होतं. पाण्याचं भांडं कलंडलं. मॅडम वैतागल्या, तेवढ्यात दारात आई. हातात पेढ्यांचा बॉक्स. साडी चांगली नेसलेली, दवाखान्यातली नाही.

"बाई, तोंड गोड करा. लेक पास झाली की."

सगळ्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मॅडमही. मग हसल्या. "हो का? बरं झालं आलात, मावशी. एवढं पाणी सांडलंय बघा. तेवढं घ्या पुसून."

मला कळलं. आई पुसणार, मॅडम माझं खोटं झाकणार. गप्प बसले तर निभावणार होतं. आणि मी गप्प बसले. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आईनं बॉक्स पलंगावर ठेवला, पदर खोचला, फडकं शोधलं, वाकली. फडकं पाण्याला लागलं तरी मी गप्पच होते. कुणीतरी फिसकन हसलं. वर्गाचं तेच हसू. यावेळी ते आईवर होतं आणि आईला माहीतच नव्हतं.

मी जाऊन फडकं तिच्या हातातून घेतलं.

"आई, ऊठ. मी नापास हाय. दोन विषयात. तुला खोटं सांगितलं."

आई तशीच बसून राहिली.

मॅडमना म्हणाले, "ही माझी आई. फरशी पुसायला आलेली नाही. पाणी आमचं आहे, जिचा नंबर असेल ती पुसेल. आणि उद्यापासून बेडपॅनही नंबरानंच. मी लावला की सही घेणार. इंजेक्शनही शिकणार."

"इंटर्नल मार्क माझ्या हातात आहेत," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"माहीत आहे."

फडकं मी हातातच धरून ठेवलं.

आई उठली. पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण नीट बसवलं आणि चालू लागली. स्टँडपर्यंत मी मागं मागं. ती बोलली ती एकदम एसटीच्या दारात. "दवाखान्यात समद्यांस्नी वाटलं पेढं. आता काय तोंड दावू?" ती खिडकीत बसली. गाडी सुटेपर्यंत तिनं बाहेर बघितलं नाही.

पुरवणी परीक्षा जवळ आली आहे. इंटर्नल कमी पडले, पडणारच होते. वहीत आता सह्या आहेत. पहिली सही बेडपॅनची आहे, ती मी मुद्दाम पहिल्या पानावर घेतली. वर्गात कळलं नाही की हात वर करते. मुली हसतात. हसू देत.

पास होईनच असं सांगत नाही. खोटं एकदा बोलले, पुरे. निकाल लागला की कागद घेऊन मी आईच्या दवाखान्यात जाणार, तिनं पेढे वाटले त्याच वॉर्डात. नापास असले तरी जाणार. सगळ्यांसमोर मार्क मीच वाचणार. आणि त्याआधी सांगणार, ही फरशी पुसते ती माझी आई.