थाळीत राहिलेली पिन

त्या वर्षी माझं आणि शंकराचं बोलणं बंद होतं. बंद मी केलं होतं. तो काय, आधीपासूनच कमी बोलणारा. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात मी लहानपणापासून दर सोमवारी जात असे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं, ओल्या दगडाला हात लावला, की माझा आठवडा सुरू व्हायचा. आई आजारी पडली तेव्हा मी सोळा सोमवार धरले. बारावा सोमवार झाला आणि आई गेली. उरलेले चार मी केलेच नाहीत. मंदिराच्या रस्त्याने जायची वेळ आली तर स्कूटरवर मान दुसरीकडे वळवून जायचो, भाऊबंदकीत लोक एकमेकांच्या दारावरून जातात तसा. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हाचा राग अगदी खरा होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंबरनाथ पूर्वेला माझं छोटंसं गॅरेज होतं. रस्त्यावर नव्या, सुटसुटीत गाड्या दिसू लागल्या होत्या, पण माझ्याकडे यायच्या त्या जुन्या, डिकीवाल्या, अंगाने भारदस्त. त्यांचे मालकही तसेच. गाडी विकायचं नाव काढलं की घरातलं माणूस विकायला सांगितल्यासारखे बघायचे. या गाड्यांचे अस्सल पार्ट मिळाले तर मिळाले, नाहीतर उल्हासनगरच्या बाजारात त्यांचे जुळे भाऊ हमखास मिळत. त्यात कुठे भोक तिरकं असायचं, कुठे आटे अर्धे. ते घासूनपुसून बसवण्यात माझा हातखंडा होता. ‘याच्या हातून गेलेली गाडी पुन्हा येत नाही’ असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून फुगायचो. गर्वाचं घर खाली, ही म्हण मला पाठ होती, पण ती दुसऱ्यांसाठी आहे अशी माझी समजूत होती.

कामाची माझी एक रीत होती. आईची जुनी पितळी थाळी मी गॅरेजात आणून ठेवली होती. काम काढलं की त्या कामाचे सगळे नट, वॉशर, पिना तिच्यात ठेवायच्या. काम संपलं की थाळी रिकामी झाली पाहिजे. थाळीत काही उरलं, तर गाडीत काहीतरी कमी आहे असं समजायचं आणि गाडी सोडायची नाही.

मला चौथीत शिकवणारे गुरुजी निवृत्त होऊन बदलापूर गावात राहत होते. कारखान्यातल्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी अँबॅसिडर घेतली होती आणि तिच्यावर त्यांचं इतकं प्रेम, की काकू म्हणायच्या, “माझ्या औषधाची वेळ विसरतील, हिच्या ऑइलची नाही विसरणार.” त्यांची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं तसे जावईबापू जुन्नरकडून न्यायला आले. तान्हं मूल एसटीत नको, म्हणून गुरुजींनी ठरवलं की बारवी, मुरबाड, माळशेज अशी आपल्याच गाडीने मुलीची पाठवणी करायची. गाडी माझ्याकडे आणून म्हणाले, “घाट आहे बाबा. एकदा खालून सगळं बघ.”

खालून बघितलं. स्टिअरिंग फिरवलं की ज्या दांड्याने पुढची चाकं वळतात, त्या दांड्याच्या टोकाचा सांधा झिजून ढिला झाला होता. मी तडक उल्हासनगरला गेलो. ओळखीचा दुकानदार म्हणाला, “साईं, ओरिजिनल आठ दिन बाद आयेगा. ये ले जाओ, सब यही डालते हैं.” मीही आजवर तेच घालत आलो होतो. सांधा बसवला, पण घोडं अडलं पिनेपाशी. या सांध्याचा नट आवळल्यावर त्याच्या खाचेतून एक बारीक पिन आडवी घालून टोकं वळवायची असतात, म्हणजे हादऱ्याने नट फिरत नाही. इथे सांध्याचं भोक आणि नटाची खाच काही केल्या समोरासमोर येईनात. खाली एक जाड वॉशर घातला की जमणार होतं. तेवढ्यात गुरुजी गाडी न्यायला आले; दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना निघायचं होतं.

सोमवार होता. संध्याकाळ होत आली होती. गुरुजी म्हणाले, “चल, दोघं देवळात जाऊन येऊ. आई गेल्यापासून तू येत नाहीस म्हणे.” माझं डोकं सणकलं. त्यांना उलट बोलण्याची टाप नव्हती, म्हणून मी घाई केली. “तुम्ही गाडी घेऊन निघा गुरुजी, अंधार पडेल. झालंय सगळं,” असं म्हणत चाक चढवलं, बॉनेट उघडून ब्रेकचं तेल कमी दिसलं ते फळीवरच्या डब्यातून भरलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. ते एकटेच देवळात जाऊन घरी गेले. मी थाळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी गॅरेज उघडलं आणि पहिली नजर थाळीवर गेली. तिच्या मधोमध ती पिन पडलेली. पिनेवाचून तो नट सपाट रस्त्यावर कदाचित तग धरेल, पण खड्ड्यांतून आणि घाटाच्या वळणांतून नाही. नट निघाला की सांधा सुटणार, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकं ऐकणार नाहीत. गाडीत चार माणसं, त्यातलं एक तीन महिन्यांचं. गुरुजींकडे फोन नव्हता. पिन, वॉशर, पाने पिशवीत टाकले आणि स्कूटर बदलापूरच्या रस्त्याला लावली.

काकू अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. “अरे, तासाच्या वर झाला त्यांना निघून. बस, चहा टाकते.” मी काहीतरी पुटपुटलो आणि उल्हास नदीचा पूल ओलांडून बारवीच्या रस्त्याला लागलो. एका तासात ते मुरबाडच्याही पुढे गेले असणार होते. जुन्या स्कूटरवरून मी त्यांना गाठणं शक्यच नव्हतं. त्या रस्त्यावर, कित्येक महिन्यांनी, मी शंकराशी बोललो. मोठ्याने बोललो. “माझ्याशी बोलू नकोस. मला काही देऊही नकोस. फक्त ती गाडी थांबव.” नवस बोललो नाही, बदल्यात काय देईन तेही सांगितलं नाही. तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं.

मुळगावच्या पुढे चढाच्या पायथ्याशी, एका आंब्याखाली गाडी उभी होती.

जावईबापू संतापून फेऱ्या मारत होते. “मिस्त्री, हे काय काम केलंत? ब्रेक दाबला की सुटतच नाही. चाकांतून धूर निघाला!” मी उत्तर न देता गाडीखाली शिरलो. तो नट मी दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला. निघून पडायला तीन-चार आटेच उरले होते. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. मग बाहेर येऊन बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला आणि मला सगळं उमगलं. घाईत मी ब्रेकच्या तेलाऐवजी शेजारच्या डब्यातलं मशीनचं तेल ओतलं होतं. त्या तेलाने आतले रबर रात्रीतून फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. शिकाऊ पोरगाही करणार नाही अशी ती चूक होती. माझ्या एका चुकीने ही माणसं मरणाकडे निघाली होती आणि दुसऱ्या चुकीने त्यांना वाटेत अडवलं होतं.

पण एवढंच असतं तरी पुरलं नसतं. अर्ध्या तासात चाकं निवून जरा मोकळी झाली होती आणि जावईबापू हळूहळू पुढे जायला तयार होते. त्यांना अडवलं ते एका म्हातारीने. रस्त्याकडेलाच तिचं घर होतं. उन्हाने रडणारं बाळ बघून तिने सुमनला आत नेलं, पडवीच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली आणि बाळाला त्यात निजवलं. निघायचं म्हटल्यावर ती दारात आडवी उभी राहिली. “पोर आताच निजलाय. उठवायचा नाय. गाडी काय पलून जातेय का तुमची?” जावईबापूंचं तिच्यापुढे काही चाललं नव्हतं. गुरुजी ओटीवर बसून तिने दिलेला कोरा चहा पीत होते.

मी झोळीत डोकावलो. बाळाच्या मुठी मिटलेल्या होत्या. मला हुंदका आवरेना. म्हातारी म्हणाली, “काय झाला रं? गाडी गेली का वाया?”

“नाही आजी. वाचली.”

“मग रडतोस कशाला?” असं म्हणून तिने मलाही चहा आणून दिला.

वॉशर घालून मी पिन बसवली, तेल सोडून चाकं मोकळी केली आणि हँडब्रेकच्या भरवशावर गाडी पावलापावलाने बदलापूर गावात आणली. बाळ आपणहून उठल्यावर बाकीचे एका टेम्पोतून आले. गुरुजींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “तेल खराब निघालं.” पिनेचा शब्दही काढला नाही. देवाने माणसं वाचवली आणि मी माझी अब्रू वाचवत बसलो.

गाडी हळूहळू माझ्या गॅरेजात आणली आणि पुढचे चार दिवस मी तिच्यावरच होतो. भंगारात निघालेल्या एका गाडीचा अस्सल सांधा मिळवून बसवला, ब्रेकचे सगळे रबर बदलले. कामात मन रमेना. पाचव्या दिवशी पहाटे मी देवळात गेलो. सोमवार नव्हता. पायऱ्या उतरून खाली बसलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, पण सारखं वाटत होतं की माफी इथे मागायची नाही, पत्ता चुकलाय. तसाच उठलो आणि गाडी घेऊन गुरुजींकडे गेलो.

ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. पिन, देवळाचा राग, तेल, खोटं बोलणं, काही ठेवलं नाही. सुमन बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “त्या दिवशी आम्ही पुढे गेलो असतो तर?” मग बाळाला घेऊन ती आत गेली. जावईबापू तर माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते.

गुरुजींनी विचारलं, “आता पिन बसली आहे?”

“बसली आहे.”

“तू बघितलीस?”

“तीनदा.”

त्यांनी किल्ली उचलून माझ्यापुढे धरली. “उद्या घाटातून तू ने आम्हाला. जावईबापू मागे बसतील.”

मी म्हणालो, “गुरुजी, माझ्या हातात कशी देता?”

“स्वतःच्या चुकीने इतका घाबरलेला माणूस मला दुसरा कुठे मिळणार?” ते म्हणाले आणि किल्ली माझ्या मुठीत दाबली.

दुसऱ्या दिवशी निघालो. सुमन अगदी माझ्या मागच्या जागेवर बसली होती. मुरबाड सुटलं, घाट लागला. प्रत्येक वळणावर मनात एकच जप चालला होता, तू धर, तू धर. अर्ध्या घाटात मी आरशात पाहिलं तर सुमन झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. तिला सगळं ठाऊक होतं. ही गाडी, हा रस्ता आणि स्टिअरिंगवरचे हे हातसुद्धा. तरी तिने डोळे मिटले होते. देवाला शरण जायचं म्हणजे काय, हे इतके सोमवार करून मला कळलं नव्हतं. देव माझ्या मनासारखा वागला तर मी त्याचा, एवढीच माझी भक्ती होती. म्हातारीत तो होता, की चुकलेल्या डब्यात, की कुठेच नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. सांगायची गरजही वाटत नाही. त्याने गाडी थांबवली, एवढं मी धरून चालतो आणि त्याचे उपकार मानतो.

दुपारी सुमनच्या सासरी पोचलो. दारात भाकरतुकडा ओवाळायची तयारी चालली होती. मी डिकीतून सामान काढत होतो. सुमन उतरली, पदर सावरायला तिला हात मोकळा हवा होता. जावईबापू शेजारीच उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

“दादा, जरा धरा याला.”

माझ्या हातांना ग्रीस लागलेलं होतं. ते शर्टाला पुसून मी पुढे केले.