पाटावर बसवलेला स्पीकर

"सुशे, चहा ठेवू का?" मी दोनदा विचारलं. टीव्ही चालू होता, तिला ऐकू कमी यायचं, म्हणून मी आणखी जोरात ओरडले, "बहिरे, चहा!" मग जवळ जाऊन खांदा हलवला तर मान एका बाजूला पडली. माझी धाकटी जाऊ सुशीला खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती, आणि मालिकेतली बाई तिच्याकडं तोंड करून बोलतच होती. मी आधी टीव्ही बंद केला, मग तिच्या लेकीला, मंगलला, इचलकरंजीला फोन लावला. याला आता महिना होत आला.

दोघींचे नवरे गेल्यावर कोल्हापूरच्या घरात आम्ही दोघीच होतो. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या सुनांना शिव्या घालायच्या, हा आमचा धंदा. पण शिव्या घालायला बोलणं कळावं लागतं... कानाचं मशीन तिला नको होतं. "म्हातारी दिसतो मी त्यात," म्हणायची, जशी एरवी तरणी दिसत होती. शेवटी मंगल आम्हाला होम थिएटरच्या दुकानात घेऊन गेली. कोपऱ्यातले स्पीकर गाण्या-गोंधळाचे, आणि मधल्या आडव्यातून माणसांचं बोलणं येतं, असं दुकानदारानं सांगितलं. सुशीला म्हणाली, "मग पावणं, कोपऱ्यातली बारकी द्या, मधला तेवढा थोरला द्या."

तो टीव्हीखाली, बरोबर मध्ये ठेवायचा, असं मंगल म्हणाली. सुशीला अडून बसली. "सकाळी त्यातनं कीर्तन येणार, आन् देवाचं नाव पायाशी? न्हाय जमायचं." मग तो वर फळीवर गेला, सासूबाईंच्या फोटोशेजारी. पडद्यावर सून तोंड हलवायची आणि आवाज यायचा सासूबाईंकडून. "मेल्या तरी बोलायच्या थांबंनात की," मी म्हटलं. ती हसली. पण ती प्रत्येक वेळी माझ्या मागोमागच हसायची. एकदा मालिकेत डॉक्टर एका बाईला हळू आवाजात नवरा गेल्याचं सांगत होता. मी मुद्दाम हसले. सुशीलाही हसली.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"जेवलीस का म्हणाला की."

"तिचा दाल्ला मेला, सुशे."

ती पडद्याकडं बघतच म्हणाली, "वरनं नुसती गुणगुण येती, अक्का. कळंना म्हटलं असतं, तर तू माझ्याजवळ बसायची थांबली असतीस."

दुसऱ्या दिवशी मी पूजेचा पाट काढला. पाटावर बसवलं की आसन झालं, देवही त्यावरच बसतो. हे पटल्यावर तिनंच स्पीकर फळीवरून खाली घ्यायला हात लावला. टीव्हीखालच्या टेबलावर पाट, पाटावर स्पीकर, अगदी कडेला ओढलेला, आणि पाटाच्या पुढच्या बाजूखाली फुटक्या पोळपाटाचा तुकडा, म्हणजे त्याचं तोंड वर, खुर्चीतल्या तिच्या कानाकडं. पहिलंच वाक्य ऐकून ती म्हणाली, "ह्या बयेचा आवाज असला चिरका हाय व्हय? आन् मी हिला गरीब समजत हुतो!" त्या दिवसापासून ती माझ्या आधी हसू लागली.

तेराव्याला मंगलनं विचारलं, "मोठी आई, पूजेला पाट काढू?" मी नको म्हटलं, शेजारचा आणायला लावला. स्पीकरचं तोंड अजून तिच्या खुर्चीकडंच आहे. माझ्या जागेवर बोलणं थोडं बाजूनं येतं, पण कळतं. हसायची जागा आली की मी जरा थांबते... मग हसते. दोघींत थोरली मी. मागं राहिले तीही मीच.